बाप्तिस्म्यानंतरचे धर्मांतर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा खाणींचा मुलूख आहे. तिथल्या बाल्धू गावच्या चर्चमध्ये १८५१ सालच्या ऑक्टोबरात एका रविवारी विल्यम हॅसलम नावाचे पाळक प्रवचनाला उभे राहिले. रीतसर दीक्षा घेतलेला हा माणूस. चर्चची इमारतही त्यांच्याच देखरेखीखाली बांधलेली आणि उपासनेच्या विधींत ते अतिशय काटेकोर. मात्र त्याच सुमारास रॉबर्ट एट्किन या पाळकमित्राने त्यांना तोंडावर सांगितले होते, की तुमचे अजून परिवर्तनच झालेले नाही. ते शल्य मनात घेऊनच हॅसलम बोलत होते. ख्रिस्ताविषयी तुम्हांला काय वाटते, या प्रश्नाचा उलगडा श्रोत्यांसाठी करता करता त्याचे उत्तर त्यांना स्वतःलाच उमगले. आवाज पालटला, चेहरा पालटला. श्रोत्यांत बसलेला एक गावकरी उपदेशक उठून ओरडला, की पाळकसाहेबांचे परिवर्तन झाले! सगळे चर्च स्तुतीच्या आरोळ्यांनी भरून गेले. स्वतःच्याच प्रवचनाने परिवर्तन झालेला पाळक अशी हॅसलम यांची पुढे ख्याती झाली आणि १८८० साली ‘फ्रॉम डेथ इन्टू लाइफ’ या पुस्तकात त्यांनी ही हकिकत लिहून काढली.

हेच पुस्तक पुढे पंडिता रमाबाईंच्या वाचनात आले. रमाबाईंचे धर्मांतर म्हटले की मराठी वाचकाला २९ सप्टेंबर १८८३ ही तारीख आठवते. त्या दिवशी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात गहजब झाला तो या बाप्तिस्म्यावरून आणि आपल्याकडचे चरित्रकार व टीकाकार दोघेही याच तारखेपाशी थांबतात. रमाबाई स्वतः मात्र तिथे थांबत नाहीत. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्याने आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. ती भेट व्हायला आणखी सुमारे आठ वर्षे गेली आणि त्या वाटेवर हॅसलम यांचे पुस्तक त्यांच्या कामी आले. रमाबाईंचा हा हिशेब धरला तर त्यांचे खरे धर्मांतर भारतात, १८९१च्या आसपास झाले, आणि ते झाले तेव्हा त्या आधीच ख्रिस्ती होत्या.

इव्हँजेलिकल ख्रिस्ती विचाराचे मर्म या चमत्कारिक वाटणाऱ्या हिशेबात आहे, असे माझे म्हणणे आहे. मराठीत ‘इव्हँजेलिकल’ हा शब्द दोन ढोबळ अर्थांनी चालतो. एक म्हणजे इतरांचे धर्मांतर करत फिरणारा मिशनरी आणि दुसरा म्हणजे अमेरिकेत उजव्या पक्षाला एकगठ्ठा मत देणारा गोरा मतदार. दोन्ही अर्थांना आधार नाही असे नाही. पण दोन्हींत मूळ गोष्ट निसटते, ती ही की या मताचा पहिला आणि सर्वांत बोचरा प्रश्न बाहेरच्यांना विचारलेला नाही. ख्रिस्ती घरात जन्मलेल्या, बाप्तिस्मा झालेल्या, दर रविवारी मंडळीत बसणाऱ्या माणसाला तो विचारलेला आहे, की बाबा रे, तू ख्रिस्ती आहेस कशावरून?

शब्दाचे मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ चांगली बातमी. मराठी ख्रिस्ती त्याला सुवार्ता किंवा शुभवर्तमान म्हणतात. जर्मनीत ल्यूथरपासून हे विशेषण सरसकट प्रॉटेस्टंटांना लागले, पण आज ज्या अर्थाने आपण ते वापरतो तो अर्थ अठराव्या शतकातल्या इंग्लंड-अमेरिकेतल्या जागृतीतून आला. हा एखादा पंथ नाही आणि त्याचा कुणी पोप नाही. अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, पेंटेकॉस्टल अशा कितीतरी मंडळ्यांतून आडवा जाणारा हा एक धागा आहे. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८३ मध्ये पुण्याला हललेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत वेगवेगळ्या मंडळ्यांचे विद्यार्थी एका बाकावर बसतात ते याच धाग्यामुळे. मग या लोकांना ओळखायचे कसे? डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराने १९८९ मध्ये चार खुणा सांगितल्या आणि अभ्यासक आजही त्याच घेऊन चालतात. माणसाचे परिवर्तन झालेच पाहिजे हा आग्रह, वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या मरणाला दिलेले मध्यवर्ती स्थान, बायबल हाच अखेरचा अधिकार, आणि या विश्वासापायी हातपाय हलवण्याची तळमळ. या चार खुणा शेजारी शेजारी मांडून ठेवलेल्या नाहीत. पहिली मान्य केली, की उरलेल्या तिन्ही तिच्या पाठोपाठ येतात.

पहिलीचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा परूशी, यहुद्यांचा मान्यवर शिक्षक, रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. येशू त्याला नव्याने जन्म घ्यायला सांगतो आणि हा विद्वान गोंधळतो, की म्हाताऱ्या माणसाने पुन्हा आईच्या पोटात जायचे कसे? इथे मराठीची एक अडचण पाहण्याजोगी आहे. या कल्पनेला ‘पुनर्जन्म’ म्हणावे तर हिंदू मनात चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा उभा राहतो. ज्यातून सुटायचे तो पुनर्जन्म, आणि इथे तर जन्म हेच सुटकेचे दार! म्हणून मराठी ख्रिस्ती बोलण्यात ‘नवा जन्म’ हा शब्द रुळला. यातली खोच निकदेम कोण होता हे ध्यानात घेतले की कळते. तो धर्माबाहेरचा नव्हता, पापी म्हणून हिणवलेला नव्हता. धर्म ज्याला उत्तम येत होता अशा माणसालाच ही अट सांगितली गेली. जॉन वेस्ली हे १७३८ मधले त्याच जातीचे उदाहरण. ऑक्सफर्डचा पदवीधर, दीक्षित पाळक, नेमाने उपास-प्रार्थना करणारा, अमेरिकेतल्या जॉर्जियात धर्मप्रचार करून परतलेला. तरी २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत, रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना कुणीतरी वाचत असताना, आपल्या पापांची क्षमा झाल्याची खातरी त्याला पहिल्यांदा वाटली. वेस्ली, हॅसलम, रमाबाई या तिघांचे धर्मांतर बाप्तिस्म्यानंतरचे आहे.

आता पुढचा प्रश्न. बाप्तिस्मा पुरत नाही, नेमधर्म पुरत नाही, तर पुरते काय? इव्हँजेलिकल उत्तर आहे, तुमचे काहीच पुरत नाही. माणूस पापात आहे, ते पाप फेडण्याची त्याची ऐपत नाही आणि ते कर्ज ख्रिस्ताने वधस्तंभावर परस्पर फेडले आहे. माणसाने विश्वास ठेवून ते स्वीकारायचे, एवढेच. मराठी बायबलने यासाठी दोन शब्द वापरले, खंडणी आणि प्रायश्चित्त. खंडणी आज वर्तमानपत्राच्या गुन्हेगारीच्या पानावर जाऊन बसली आहे, त्यामुळे त्या शब्दातला ओलीस सोडवण्याचा जुना अर्थ वाचकाला खरवडून काढावा लागतो. प्रायश्चित्ताची गंमत त्याहून मोठी. धर्मशास्त्रात प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यायचे असते. कृच्छ्र करा, चांद्रायण करा, दान करा. दुसऱ्याने तुमचे प्रायश्चित्त घेऊन टाकले, ही कल्पनाच त्या शब्दाला परकी आहे. रमाबाईंना ती का भिडली, हे त्यांचे बालपण पाहिले की समजते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थामागून तीर्थ पालथे घातले, पुण्य मिळावे म्हणून ब्राह्मणांना दाने दिली, सारे धन देवाधर्मात संपवले आणि १८७०च्या दशकातल्या दुष्काळात कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. आईवडील त्यातच गेले. पुण्याचा संचय करता करता देशोधडीला लागलेल्या घरातल्या मुलीला ‘कृपा’ हा शब्द फुकट मिळालेल्या भाकरीसारखा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

वधस्तंभाच्या या अर्थावर आक्षेप आहेत आणि ते ख्रिस्ती विचारवंतांनीच घेतलेले आहेत. निरपराध मुलाला शिक्षा देऊन शांत होणारा बाप हा न्यायी कसा? ख्रिस्ताच्या मरणाकडे मृत्यूवरचा विजय म्हणून पाहणारी परंपरा पहिल्या शतकांपासून आहे आणि ती खंडणीच्या हिशेबापेक्षा काहींना अधिक उदार वाटते. इव्हँजेलिकल विचारवंतांचे उत्तर असे, की इथे बाप एक आणि मुलगा दुसरा असा व्यवहारच नाही. त्रैक्याच्या सिद्धांतानुसार शिक्षा देणारा आणि सोसणारा एकच देव आहे, आणि न्यायाधीशाने स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उतरून दंड भरला आहे. हे उत्तर तर्कात बसते. प्रवचनांतून मात्र ते नेहमी इतक्या नेटकेपणे सांगितले जात नाही आणि मग श्रोत्यापर्यंत रागावलेल्या बापाचेच चित्र पोचते. सिद्धांताची सोपी आवृत्ती सिद्धांताचेच नुकसान करते, ते असे.

पाळकाचा विधी तारत नाही, मंडळीचे सभासदत्व तारत नाही, तर आपल्याला तारण मिळाले हे माणसाने ठरवायचे कशावरून? तिसरी खूण इथे येते. मंडळीच्या वर पुस्तक ठेवलेले असते आणि ते पुस्तक ज्याने त्याने वाचायचे असते. रमाबाईंच्या आयुष्यात ही गोष्ट सिद्धांत म्हणून येण्याआधी भांडण म्हणून आली. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना पत्रांत लाडाने ‘आजीबाई’ म्हणत. पण अँग्लिकन चर्च शिकवते ते प्रश्न न विचारता मान्य कर, असा सूर लागला, की ही लाडकी नात बिनतोड युक्तिवाद करी. त्रैक्याचे अमुक सूत्र बायबलात कुठे आहे? इतके पंथ असताना तुमचाच खरा कशावरून? त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवावे की नाही यावर भारतातल्या इंग्रज बिशपांनी नापसंती कळवली, तेव्हा तर त्यांचा संताप उफाळला. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचे जोखड आपण मोठ्या कष्टाने झुगारले ते दुसऱ्या कुणाच्या जोखडाखाली मान द्यायला नव्हे, अशा अर्थाचे त्यांनी १८८५ मध्ये स्पष्ट लिहिले. अ. भि. शहा यांनी १९७७ मध्ये संपादित केलेला हा पत्रव्यवहार मराठी वाचकांनी जितका वाचायला हवा तितका वाचलेला नाही. त्यात दिसणारी रमाबाई बंडखोर आहे हे सगळे सांगतात. पण हे बंड बायबलाविरुद्ध नव्हते. बायबलाचा आधार घेऊन चर्चविरुद्ध होते, आणि ते त्या पुढे ज्या मताकडे वळल्या त्याच मताचे बंड होते.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात या तत्त्वाचा अर्थ त्यांनी हाताने करून दाखवला. केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संबंध बायबल मराठीत आणायचे काम अंगावर घेतले. उपलब्ध भाषांतराचे मराठी पंडिती आहे, अर्धवट शिकलेल्या बाईला ते कळत नाही, ही तक्रार. ज्या मुलीला लिहितावाचता येऊ लागून दोन वर्षे झाली, तिच्यासाठी बायबल हवे होते. आणि छापायचे कुणी? मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीच्याच बायकांनी. दुष्काळातून आणलेल्या, विधवा, टाकलेल्या अशा बायका खिळे जुळवत होत्या. बायकोला वेदांची भाषा शिकवल्यावरून समाजाने रमाबाईंच्या वडिलांना एकेकाळी जाब विचारला होता. त्यांच्या मुलीने शेवटी देवाचे पुस्तक खिळाखिळाने अशा हातांत दिले, ज्यांना कुठलेही पुस्तक कुणी दिले नसते. पुस्तकाचा अधिकार मंडळीच्या वर, हे वाक्य धर्मशास्त्राच्या ग्रंथात कोरडे वाटते. केडगावच्या छापखान्यात त्याला शाईचा वास आहे.

पण इथेच सर्वांत जड आक्षेपाला तोंड द्यावे लागते. पुस्तक प्रत्येकाने वाचायचे, तर दोघांनी दोन अर्थ काढले की निवाडा कुणी करायचा? ही काल्पनिक अडचण नाही. वेस्ली आणि जॉर्ज व्हाइटफील्ड हे मित्र, दोघांचाही नव्या जन्मावर विश्वास, दोघांच्याही हाती तेच बायबल. वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीवर कडाडून टीका करणारी पुस्तिका लिहिली. व्हाइटफील्डने त्याआधी जॉर्जियात गुलामगिरीला कायद्याने परवानगी मिळावी म्हणून खटपट केली होती आणि आपल्या अनाथाश्रमाच्या जमिनीवर गुलाम राबवले होते. अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांत १८४५ मध्ये फूट पडली तीही गुलामगिरीवरूनच. दक्षिणेकडच्यांनी वेगळी संघटना काढली आणि त्या पापाची जाहीर माफी मागायला तिला १९९५ साल उजाडावे लागले. मालक आणि गुलाम दोघेही त्याच पानांवर बोट ठेवत होते. या अडचणीवर विसाव्या शतकात जो उपाय काढला गेला तो म्हणजे पुस्तकाभोवतीचे कुंपण उंच करणे. १९१० ते १९१५ या काळात एका तेलकंपनीच्या मालकाच्या पैशावर ‘द फंडामेंटल्स’ नावाची निबंधमाला बारा भागांत छापून फुकट वाटली गेली. ‘फंडामेंटलिस्ट’ हा शब्द तिच्याच नावावरून आला. १९२५ मध्ये टेनेसी राज्यातल्या डेटन गावी उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला चालला. १९७८ मध्ये शिकागोत जमलेल्या विद्वानांनी बायबल सर्व बाबतींत, इतिहास-विज्ञानासकट, निर्दोष आहे असे कलमवार जाहीरनाम्यात लिहून दिले. त्याआधी चार वर्षे, बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे दीडशेच्या आसपास देशांतले प्रतिनिधी जमले होते. जॉन स्टॉट यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या तिथल्या करारनाम्याची शब्दयोजना सावध होती: बायबल ज्या गोष्टीचे प्रतिपादन करते त्या सगळ्यांत ते निर्दोष आहे. मग नेमके कशाचे प्रतिपादन करते, हा प्रश्न वाचकाकडेच राहतो. माझ्या मते तो तिथेच राहायला हवा. वाचकाला स्वातंत्र्य देणाऱ्या मताने नंतर वाचकाचा धसका घेतला, ही या चळवळीतली सर्वांत मोठी विसंगती आहे. मात्र दुसरी बाजूही दडवता येत नाही. गुलामगिरीविरुद्धची सर्वांत चिवट लढाई त्याच पुस्तकाच्या वाचकांनी लढली. वाचनाचा अधिकार खुला असला की चूक होते आणि ती दुरुस्त करणाराही त्याच वाचकांतून निघतो. निवाड्याचा अधिकार एकाच गादीकडे असता, तर चूक झाली नसती याची हमी इतिहास देत नाही.

या चिवटपणातून चौथी खूण येते. ज्याला फुकट मिळाले त्याने ते सांगितले पाहिजे आणि त्याप्रमाणे राबले पाहिजे. विल्यम विल्बरफोर्स यांच्या वीस वर्षांच्या चिकाटीनंतर १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, आणि १८१३ मध्ये कंपनी सरकारची सनद बदलून हिंदुस्थान मिशनऱ्यांना खुला व्हावा म्हणून झटले तेही हेच विल्बरफोर्स. दोन्ही कामे त्यांना एकाच विश्वासाची वाटत होती. आपल्याला ती दोन वाटतात, हा आपल्या जागेचा फरक. त्याच १८१३च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. यांच्या शाळा निघाल्या, छापखाना निघाला, पुढे १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघाले. पण पहिली काही दशके बाप्तिस्म्यांची संख्या अगदी तुटपुंजी राहिली. लोकांचा विरोध, जातीबहिष्काराचे भय ही कारणे आहेतच. त्यात सिद्धांताचाही वाटा होता. समोरच्याच्या हृदयात पालट झाल्याची खूण दिसल्याशिवाय बाप्तिस्मा द्यायला हे मिशनरी कचरत. गावेच्या गावे, पोटजातीच्या पोटजाती ख्रिस्ती व्हायला निघाल्या तेव्हा तर त्यांची पंचाईत झाली. ज्या समाजाला माणूस म्हणून वागवले जात नव्हते तो सामुदायिक निर्णय घेत होता आणि मिशनरीचे धर्मशास्त्र एकेकट्या जिवाचा निर्णय मागत होते. मेथडिस्ट मिशनरी पिकेट यांनी १९३३ मध्ये या सामुदायिक धर्मांतरांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, यावरून पेच केवढा होता ते कळावे. एकट्या माणसाच्या अंतःकरणावर उभे असलेले मत जातीच्या समाजात आले की त्याला धाप लागते.

अंतःकरणाचा पालट ओळखायचा तरी कसा? केडगावला जून १९०५ अखेर जे घडले त्याने हा प्रश्न अगदी अंगावर आणून सोडला. वर्षाच्या सुरुवातीपासून मुलींचे गट प्रार्थनेला बसत होते. वेल्समध्ये आदल्या वर्षी झालेल्या जागृतीच्या बातम्या आल्या होत्या. मग एका पहाटे एका मुलीला आपल्या अंगावर अग्नी उतरल्यासारखे वाटले. तिथल्या अमेरिकन कार्यकर्त्या मिनी अब्राम्स यांनी लिहून ठेवले आहे, की दुसरी मुलगी ती ज्वाळा विझवायला पाण्याची बादली आणायला धावली आणि मग तिला कळले की हा जाळणारा विस्तव नव्हे. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत, पापे कबूल करत प्रार्थना करू लागल्या. पुढे काहीजणी अन्य भाषांत बोलू लागल्या. उन्माद, असे कुणीही म्हणेल आणि कित्येक युरोपीय ख्रिस्ती लोकांनी तसे म्हटलेही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली, मात्र अन्य भाषेत बोलणे हीच पवित्र आत्म्याची एकमेव खूण, हे त्यांनी मानले नाही. त्यांची खरी कसोटी जगण्याची होती: रडणे ओसरल्यावर ती मुलगी शेजारणीशी कशी वागते? लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची जागृती, जिथून पेंटेकॉस्टल चळवळीची सुरुवात मोजतात, ती एप्रिल १९०६ ची, केडगावच्या नंतरची. अब्राम्स यांची पुस्तिका चिली देशातल्या एका मैत्रिणीला पोचली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आपल्या १९०९ च्या उगमाशी मुक्तीचे नाव जोडतात. या मताचा प्रवास नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे झाला, हा समज पुणे जिल्ह्यातले हे खेडे खोडून काढते.

भारतातला मुख्य आक्षेप मात्र धर्मांतराचा आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. येशूखेरीज तारण नाही असे इव्हँजेलिकल मत मानते. सर्व मार्ग एकाच शिखराला जातात असे ते मानत नाही आणि मानतो म्हणणारा इव्हँजेलिकल आपले मत सोडून बोलत असतो. बहुसंख्य भारतीयांना हा एकांतिकपणा उर्मट वाटतो, आणि वाटणे समजण्याजोगे आहे. पण मत एकांतिक असणे निराळे आणि ते लादणे निराळे. रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती संस्कार होतात या वादातून १८९३ मध्ये न्या. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचा बचाव असा, की मी कुणाला बोलावत नाही, फक्त प्रार्थनेच्या वेळी माझ्या खोलीचे दार लावून घेत नाही. हा बचाव प्रामाणिक आहे, पुरेसा नाही. निराधार मुलीच्या डोक्यावरचे छप्पर ज्याचे, त्याचे उघडे दारही आमंत्रणच असते. दुष्काळात तर हा तोल आणखी कलंडतो. आमिषाने झालेले धर्मांतर इव्हँजेलिकल सिद्धांताप्रमाणेच निकामी ठरते, कारण धान्यासाठी दिलेला होकार हा नवा जन्म नव्हे. म्हणून आमिषाविरुद्धचा सर्वांत कडक युक्तिवाद इव्हँजेलिकलांच्या स्वतःच्या मतातच आहे आणि त्यांनी तो टीकाकारांआधी वापरायला हवा. उलट बाजूने, १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे ठरवले. तरी कुणी ग्रंथ वाचून स्वतःचे मन बदलले तर तो त्याच्या सद्सद्विवेकाचा प्रश्न उरतोच. जन्माने मिळालेला धर्म हाच माणसाचा खरा धर्म, असे ज्यांना वाटते त्यांचे आणि या मताचे भांडण मुळातून आहे. ते मिशनऱ्यांच्या वागण्यापुरते नाही.

याच कसोटीवर अमेरिकेतले चित्र पाहावे. १९७६ मध्ये जिमी कार्टर आपण ‘बॉर्न अगेन’ आहोत असे सांगत अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा पत्रकारांना या शब्दाचा अर्थ शोधावा लागला होता. तीन वर्षांनी जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ काढली आणि हा शब्द मतपेटीला बांधला गेला. २०१६ मध्ये गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी सुमारे ऐंशी टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिले. पण जनमत-चाचणीत इव्हँजेलिकल कोण, हे ज्याचे त्यानेच सांगायचे असते. तिथे नवा जन्म तपासला जात नाही, वधस्तंभ की बायबल हे विचारले जात नाही. कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोकांत नेमके हेच चार विश्वास ठासून भरलेले असतात, पण चाचणीवाले त्यांना वेगळ्या रकान्यात टाकतात आणि त्यांचे मत बहुतांशी उलट पक्षाला जाते. म्हणजे मतदानाचा कल सिद्धांताने ठरलेला नाही, वंश आणि प्रदेशाने ठरला आहे. ‘आम्ही जन्माने इव्हँजेलिकल’ असे म्हणणारी एक जमात तिथे तयार झाली. ज्या मताचा सारा भर जन्म पुरत नाही यावर, त्याची याहून मोठी हार दुसरी नाही. टीकाकार म्हणतात ही या मताची अपरिहार्य परिणती आहे. मला तसे वाटत नाही, कारण रशियापासून नायजेरियापर्यंत तेच चार विश्वास सांभाळून लोक निरनिराळे राजकारण करतात. मात्र अमेरिकेच्या पैशाने आणि प्रकाशनसंस्थांनी जगभरच्या इव्हँजेलिकलांची शब्दकळा घडवली आहे, तेव्हा तिथला रोग तिथेच राहील, या भ्रमात कुणी राहू नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळक या मताच्या चौकटीत पुरते मावत नाहीत, तरी त्यांनी याच तर्काचे एक टोक गाठून दाखवले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्या ख्रिस्तानुयायांनाही जागा दिली. बाप्तिस्म्याने माणूस ख्रिस्ती होत नसेल, तर बाप्तिस्म्यावाचून तो अडतो कशाला? मिशनरींना हे रुचले नाही. टिळकांच्या या प्रश्नाला नेमके उत्तर त्यांच्या धर्मशास्त्राकडे होते असेही नाही. दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबार मोडला.

रमाबाईंचे काम मात्र पुरे झाले. मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. त्यांच्या भाषांतराचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावहून प्रसिद्ध झाले.